ऑस्करमध्ये दुसरा कोण आला, हे छातीठोकपणे कसं सांगावं

विजेता ओळखण्यात आता काही राम उरलेला नाही. अंदाज चुकला तर पाकीट उघडताक्षणी चारचौघांत हसं होतं. त्यापेक्षा दुसऱ्या क्रमांकाचे जाणकार व्हा. कुणाला किती मतं पडली हे ऑस्कर देणारी अकादमी सांगत नाही, त्यामुळे तुम्ही काहीही ठोकून दिलंत तरी ते खोटं पाडायला कुणी येणार नाही. एवढी सुरक्षितता ज्योतिषातही नाही. तिथे कधी ना कधी ती तारीख उजाडतेच.

मतं मोजतात प्राइसवॉटरहाउसकूपर्सचे हिशेबनीस. त्यांचे दोघे जण पाकिटांच्या दोन ब्रीफकेस घेऊन मंचाच्या दोन बाजूंना उभे असतात, विजेत्यांची नावं त्यांना पाठ असतात. दुसऱ्याचं पाकीट मात्र कुठल्याच ब्रीफकेसमध्ये नसतं. ती उणीव तुम्हाला भरून काढायची आहे.

सुरुवात सोप्या गणिताने करा. जी जिंकणार असं सगळे म्हणत होते आणि जी जिंकली नाही, ती दुसरी. २०१९ मध्ये ग्लेन क्लोजने गोल्डन ग्लोब घेतलं, स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डचा पुरस्कार घेतला, आणि ऑस्कर गेलं ऑलिव्हिया कोलमनला. म्हणून क्लोज दुसरी. ती तिसरी का नसेल, असं कुणी विचारलंच तर 'तुम्ही सिनेमे पाहता ना?' एवढंच म्हणायचं. २०२१ मध्ये तर समारंभाची रचनाच तुमच्या मदतीला आली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाऐवजी अभिनेत्याचा पुरस्कार शेवटी ठेवला होता. दिवंगत चॅडविक बोझमनचं नाव पुकारलं जाणार, या अपेक्षेने सगळे सावरून बसले. पुकारलं गेलं अँथनी हॉपकिन्सचं, आणि ते हजरच नव्हते. कार्यक्रम तिथेच संपला. आयोजकांनाही निकाल आधी माहीत नसतो, हे अशा वेळी बोलू नये. विषय पातळ होतो.

२०१७ चा किस्सा मात्र जपून वापरा. 'ला ला लँड'चं नाव पुकारलं गेलं, मंडळी मंचावर येऊन आभार मानू लागली, मग कळलं की जिंकला 'मूनलाइट'. तेव्हापासून 'ला ला लँड' दुसरा आला यावर जगाचं एकमत आहे. अडचण एवढीच की पुरस्कार द्यायला आलेल्या वॉरन बेटी यांच्या हातात दिलेलं पाकीट सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं होतं. आतल्या कार्डावर एमा स्टोनचं नाव होतं आणि त्यासोबत तिच्या चित्रपटाचं, म्हणजे 'ला ला लँड'चं. चुकीच्या पाकिटावरून एवढंच सिद्ध होतं की पाकीट चुकीचं होतं. पण असे खुलासे करणाऱ्या माणसाला उपविजेत्यांच्या क्षेत्रात भवितव्य नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या बाबतीत तर तुम्हाला मोकळं रानच आहे. इतर विभागांत ज्याला जास्त मतं तो जिंकतो. इथे मात्र २००९ सालच्या चित्रपटांपासून मतदार पसंतीक्रम लावतात. पहिल्या पसंतीची सर्वांत कमी मतं ज्याला, तो बाद. त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे वळतात. कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालतं. आता गंमत पाहा. समजा एखादा चित्रपट प्रत्येक मतदाराने दुसऱ्या क्रमांकावर लिहिला. सगळ्यांच्या मते दुसरा! तर तो पहिल्याच फेरीत बाद होतो, कारण पहिली पसंती त्याला कुणाचीच नाही. म्हणजे दहापैकी कुठल्याही चित्रपटाला तुम्ही दुसरा म्हणा, 'कुठल्या अर्थाने?' असा प्रश्न यायच्या आत 'पसंतीक्रमाच्या अर्थाने' म्हणून मोकळं व्हा.

एका कालखंडापासून मात्र लांब राहा. १९३० च्या दशकात काही वर्षं अकादमी चक्क दुसरं-तिसरं कोण आलं तेही सांगायची. १९३४ सालच्या चित्रपटांसाठी अभिनेत्री बेट डेव्हिसला नामांकनच नव्हतं. ओरड झाली म्हणून यादीबाहेरचं नाव हाताने लिहायची मुभा दिली गेली, आणि ती तिसरी आली. अशा नोंदी असलेल्या वर्षांत बुद्धीला काही कामच उरत नाही.

आता आपला हक्काचा मुद्दा. १९५८ च्या समारंभात 'मदर इंडिया' परभाषिक चित्रपटांच्या पाचांत होता आणि ऑस्कर नेलं फेलिनींच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ने. 'मदर इंडिया' एका मताने हरला हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मतं जाहीर होत नाहीत, तरी फरक एकाचा होता हे कळलं! दोन-तीनचा का नव्हता, असं विचारून देशाचा अपमान करू नका. आणि कुणी अभिनेता वॉलेस बिअरीचं नाव काढलं तर ताबडतोब विषय बदला. एका मताने मागे पडल्याचं खरोखर नोंदलेलं उदाहरण त्याचं आहे: १९३२ च्या समारंभात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याच्या विभागात फ्रेडरिक मार्चला त्याच्यापेक्षा एक मत जास्त होतं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन मतांच्या आतला फरक बरोबरीत धरत, म्हणून बिअरीलाही ऑस्कर मिळालं. एका मताने हरून बाहुली घरी नेणारा माणूस आपल्या दुःखाच्या काही कामाचा नाही.

इथवर हात बसला की पुढची इयत्ता मराठीची. २००४ मध्ये भारताने ऑस्करला 'श्वास' पाठवला. नामांकनं पाच, त्यांत तो नव्हता. पण तो सहावा आला असं आजही सांगितलं जातं, आणि सांगणाऱ्याचा चेहरा पाहून पुरावा मागायची हिंमत होत नाही. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' २००९ मध्ये गेला, 'कोर्ट' २०१५ मध्ये. त्यांना मात्र अजून कुणी क्रमांक दिलेला दिसत नाही. त्या वर्षांत नामांकनांआधी नऊ चित्रपटांची यादी जाहीर व्हायची आणि त्या यादीत हे नव्हते, तेव्हा सातवा-आठवा म्हणाल तर पकडले जाल. दहावा म्हणा. वर्षं वेगळी असल्यामुळे दोघांनाही दहावा देता येतो, आणि तोही थोडक्यात हुकलेला नववा म्हणून.