६ फूट ६ इंचांचा सेंटर

सकाळपासून डोकं तापलंय. लिहून टाकते, नाहीतर आज झोप लागायची नाही.

लेकीची बास्केटबॉलची निवड चाचणी होती. तेरा वर्षांची आहे. चार वर्षं झाली, पहाटे साडेपाचला स्वतः उठते, मला उठवते आणि कोर्टवर जाते. रिंगखाली गर्दी झाली की बॉल हिच्याच हातात येतो, हे तिच्याबरोबर खेळणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा. आज तिला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली, खडूची रेघ मारली आणि सांगितलं, "पोस्टला नाही चालणार. बाजूला बस." पोस्ट म्हणजे रिंगजवळची जागा, तिथे खेळतो तो सेंटर. हातात बॉल दिलाच नाही. एकदासुद्धा नाही.

मी निवड करणाऱ्या सरांकडे गेले. आवाज चढवला नाही, देवाशपथ. म्हटलं, सर, काइल हाइन्स ६ फूट ६ इंचांचा होता आणि युरोपात वर्षानुवर्षं सेंटर खेळला. तर त्यांनी अमेरिकेतली मोठी लीग काढली, "एनबीएत कुठल्या टीमकडून?" मी म्हटलं, कुठल्याच नाही. ते हसले. "मग काय, ताई!"

त्या "मग काय"साठी ही पोस्ट आहे.

हाइन्स न्यू जर्सीचा. कॉलेज नॉर्थ कॅरोलिनातलं, ग्रीन्सबरोचं. मोठ्या नावाचं नाही. तिथे चार वर्षांत त्याने २००० च्या वर गुण केले, १००० च्या वर रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे बॉल) घेतले आणि ३०० च्या वर शॉट अडवले. अडवले, बरं का, ६ फूट ६ इंचांच्या माणसाने! अमेरिकेत या उंचीला फॉरवर्ड नाहीतर गार्ड म्हणतात, सेंटर सात फुटी लागतो. २००८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याचं नाव कोणी घेतलं नाही. म्हणजे तिथेही खडूची रेघच मारली.

तो इटलीला गेला. रोम-मिलानला नाही, वेरोली नावाच्या गावाच्या टीमकडे, तेही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. बावीस वर्षांचा पोरगा, भाषा येत नाही, ऑक्टोबरमध्ये सुरू झालेला मोसम उन्हाळ्यापर्यंत संपत नाही. वर बहुतेक लीगमध्ये परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या, त्यामुळे टीम हरली की पहिलं बोट अमेरिकनाकडे. दोन मोसम तो तिथे राहिला. मग जर्मनीतलं बाम्बर्ग. मग ग्रीसमधलं ऑलिंपियाकोस.

माझी पायरी आठवते इथे मला. १९९५ साल, मी चौदा वर्षांची, हेच नागपूर, अशीच चाचणी. नवे कॅनव्हासचे बूट घालून गेले होते. उंची मोजली, "बस बाजूला." बाबा सहाला न्यायला येणार होते आणि तेव्हा वाजले होते तीन. तीन तास मी सिमेंटच्या पायरीवर बसून बाकीच्यांना खेळताना बघितलं. बूट मळू नयेत म्हणून पाय उचलून घेतले होते, हे अजून लक्षात आहे. बाबा आले, माझ्याकडे बघितलं, काही विचारलं नाही. मी परत कधी कोर्टवर गेले नाही. आज लेक बसली होती तिथेही पायरीच होती. सिमेंटचीच.

असो. २०१२ ची युरोलीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, तिची फायनल. लेक बाळ होती तेव्हा ताप आला की रात्र रात्र मांडीवरून उतरायची नाही, तेव्हा मोबाइलवर आवाज बंद करून मी ती पहिल्यांदा पाहिली. इस्तंबूल. समोर मॉस्कोचं सीएसकेए. त्यांच्याकडे किरिलेंको, त्या मोसमाचा युरोलीगचा सर्वोत्तम खेळाडू, एनबीएत नाव काढलेला. त्यांच्याकडे सात फुटी क्रस्टिच, तोही एनबीएचा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ऑलिंपियाकोस १९ गुणांनी मागे. आणि शेवटी ६२-६१ ने ऑलिंपियाकोस जिंकलं! शेवटचा शॉट प्रिंटेझिसचा, ०.७ सेकंद उरलेले असताना. हाइन्सचा नाही, मान्य. पण त्या सात फुटी लोकांत त्याला बघा. तो उडी मारण्याआधी जागा पकडतो. कंबर खाली, पाठ समोरच्याच्या पोटाला लावलेली, गुडघे वाकलेले. उंच माणसाला त्याच्या वरून जावं लागतं आणि जाता येत नाही. समोरचा छोटा गार्ड स्क्रीन घेऊन, म्हणजे साथीदाराच्या आडोशाने, सुटला तर त्याच्यामागेही हाच धावतो. सात फुटी सेंटरला ते जमत नाही, पाय अडकतात. याला जमायचं, कारण हा बुटका होता.

माझी मुलगी हेच करते हो. रोज करते. तिला कोणी शिकवलेलंही नाही.

२०१२, २०१३ ची युरोलीग त्याने ऑलिंपियाकोसबरोबर जिंकली. मग तो गेला त्याच सीएसकेएकडे, ज्यांना हरवलं होतं. मॉस्कोत सात वर्षं. तिथे २०१६ आणि २०१९. चार वेळा युरोपचा विजेता. युरोलीगचा सर्वोत्तम बचावपटू तीनदा, त्यातलं शेवटचं २०२२ साली मिलानकडून खेळताना, पस्तिशीत. दशकातली सर्वोत्तम टीम युरोलीगने निवडली, त्यात हा. २०२४ मध्ये मिलानकडून इटलीची लीग जिंकून थांबला. सोळा मोसम. एनबीएत एक मिनिटही नाही.

आणि सर म्हणतात, मग काय.

ठीक आहे, एनबीए जगातली सगळ्यात भारी लीग आहे, त्यावर वाद घालत नाही. उंची शिकवता येत नाही हेही खरं. पण एक दार उघडलं नाही म्हणजे माणूस कामाचा नाही, हे कुठून आणलं आपण? मस्कतला नर्स म्हणून आयुष्य काढलेल्या माझ्या मावशीला अजून लग्नात विचारतात, "इथे नव्हतं का जमलं?" जमलं नव्हतं. तिथे जमलं. वीस वर्षं तिने माणसं बरी केली. याला आपण "नाही जमलं" म्हणतो!

मघाशी चिडून सरांना खूप काही लिहिलं होतं, ते खोडलं. दोनशे मुली, एक माणूस, एक दिवस, वर ऊन. त्यांनी तरी काय करावं. पण पाच मिनिटं, सर. पाच मिनिटं बॉल द्यायचा होता. मग काढलं असतं तरी मी गपचूप घरी आले असते.

१९९५ मध्ये मला कोणी हाइन्स दाखवला नाही, तेव्हा तो स्वतःच नऊ वर्षांचा होता. बाबांना बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ते मला उसाचा रस पाजून घरी घेऊन आले, त्यांना तेवढंच सुचलं. त्यांच्यावर राग नाही, कधीच नव्हता. पण त्या पायरीवर बाजूला येऊन कोणी बसलं असतं तर, एवढंच मनात येतं.

म्हणून आज मी बसले. लेक काही बोलली नाही, मीही नाही. मोबाइल काढला आणि तिला ती फायनल लावून दिली. आधी बघेचना. मग मान वळवली. मग म्हणाली, "आई, मागे घे. त्याचा पाय बघू दे, कुठे ठेवतो तो." तेरा वेळा मागे घेतलं असेल. मोबाइल दहा टक्क्यांवर आला तेव्हा उठलो.

उद्या साडेपाचचा गजर तिने लावलाय. मला न विचारता.

आमचा बॉल पार गुळगुळीत झालाय, हातातून निसटतो. कोणाकडे मुलींचा सहा नंबरचा, जुना पण पकड असलेला बॉल पडून असेल तर सांगा. धरमपेठ, सदर, कुठेही असेल, मी येऊन घेऊन जाईन.