तीन तासांची पायी सहल, त्यातले अडीच तास उभ्याने

व्हिएतनाममधल्या होई आनचं जुनं गाव या टोकापासून त्या टोकापर्यंत रमतगमत, दुकानांत डोकावत चाललं तरी अर्धा तास पुरतो. आमच्या संध्याकाळच्या पायी सहलीला तीन तास लागले. उरलेले अडीच तास आम्ही उभे होतो.

माहितीपत्रकात "चालण्याची सवय असावी" असं छापलं होतं. म्हणून निघण्याआधी मी, आमचे हे आणि माझ्या नणंदबाई, म्हणजे ताई, असे तिघं सांगलीत रोज गणपती मंदिरापासून विश्रामबागपर्यंत चालत होतो. उभं राहण्याचा सराव करून या, असं कुणी सांगितलं नव्हतं. चालताना शरीराचं लक्ष रस्त्याकडे असतं. उभं राहिलं की ते स्वतःकडे बघायला लागतं. आधी टाच बोलते, मग पोटरी, मग कंबर, आणि शेवटी कुणाच्या तरी लग्नात पाटावरून उठताना मुरगळलेला घोटाही आपली जुनी फाईल उघडतो.

आमची गाईड म्हणजे डोक्यावर शंकूसारखी पानांची टोपी आणि हातात पिवळा झेंडा घेतलेली एक चुणचुणीत मुलगी. ज्या वयात माणूस भरलेल्या एसटीत उभ्यानं झोपू शकतो, त्या वयाची. तिनं आल्या आल्या सगळ्यांची वयं विचारली. तिकडे समोरचा आपल्यापेक्षा थोरला की धाकटा हे कळल्याशिवाय त्याला हाक कशी मारायची तेच ठरत नाही, त्यामुळे वय विचारण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आपल्याकडे लोक सरळ "काकू" म्हणून मोकळे होतात आणि काकू आतल्या आत चरफडतात. गटातल्या ऑस्ट्रेलियन जोडप्यानं हसत हसत "71 आणि 74" सांगून टाकलं. माझं लग्न झाल्यापासून ताईंचं वय मला कळलेलं नाही, त्यामुळे मी कान टवकारले. ताई म्हणाल्या, "साठच्या पुढे धर." त्या मुलीनं मान डोलावली आणि पुढची संपूर्ण संध्याकाळ रस्ता ओलांडताना ताईंचा दंड धरला. त्यावरून तिनं काय धरलं असेल ते धरलं असेल.

ताई हायस्कूलात इतिहास शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण वर्ग संपल्यासारखं त्यांना अजून वाटत नाही. गाईडनं सांगितलं की 15व्या ते 19व्या शतकापर्यंत हे मोठं बंदर होतं. जपानी, चिनी, पोर्तुगीज, डच व्यापारी मोसमी वाऱ्यावर यायचे आणि वारा फिरेपर्यंत इथेच मुक्काम ठोकायचे. ताईंनी हात वर केला. "मराठ्यांची गलबतं यायची का?" मुलीनं हातातली फाईल मागून पुढे आणि पुढून मागे चाळली. मग अतिशय अदबीनं म्हणाली, "मे बी नेक्स्ट टाइम."

पुढे थू बोन नदीत गाळ साचत गेला, मोठी जहाजं शेजारच्या दा नांग बंदराला जायला लागली आणि होई आन मागे पडलं. पाडून नवं बांधायची कुणाला गरज वाटली नाही, म्हणून पिवळ्या भिंतींची, कौलांची घरं राहिली, आणि 1999 मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशात घेतलं. आमच्या गावभागातले वाडेही असेच वाचले असते, पण मध्ये बिल्डर आले.

हे सगळं आम्ही उन्हात, एका बंद दारासमोर उभे राहून ऐकलं. "आता कुठे?" यांनी विचारलं. "पाच मिनिटं," गाईड म्हणाली. या मुलीकडे वेळेचं तेवढं एकच माप होतं. पूल पाच मिनिटांवर, जेवण पाच मिनिटांवर, दा नांगचा विमानतळही विचारला असता तर पाच मिनिटांवरच निघाला असता.

जपानी पूल खरोखरच जवळ होता. हा छपराचा पूल 16व्या शतकाच्या अखेरीस इथल्या जपानी व्यापाऱ्यांनी बांधायला घेतला. एका टोकाला माकडांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला कुत्र्यांच्या, आणि बाजूला एक छोटं देऊळ. 2024 मध्ये डागडुजी होऊन पूल पुन्हा उघडला, तेव्हा तो फारच नवा दिसतो म्हणून लोकांनी तक्रार केली होती. पूल इतका छोटा की चढायला लागलं तोवर उतरायची वेळ येते. पण त्याचं चित्र 20,000 डोंगच्या, म्हणजे तिथल्या चलनाच्या, नोटेवर आहे. त्यामुळे अख्खी गर्दी एका हातात ती नोट पुलासमोर धरून दुसऱ्या हातानं फोटो काढत उभी असते, आणि कुणाचं तरी बोट मध्ये येतं म्हणून पुन्हा काढत उभी असते. यांनीही नोट काढली, पण आधी रुपयांत आणायला तीनशेनं भागली. व्हिएतनामात उतरल्यापासून यांच्या तोंडून एकही आकडा न भागता बाहेर पडला नव्हता. "पासष्ट-सत्तर रुपये," ते म्हणाले, आणि मगच नोट पुलासमोर धरली.

पुलाची एक दंतकथा आहे. जमिनीखाली एक अजस्र प्राणी पसरलेला आहे. त्याची शेपूट जपानात, पाठ होई आनमध्ये आणि डोकं भारतात. तो हलला की भूकंप होतो. म्हणून त्याच्या पाठीवर नेमका हा पूल ठोकून त्याला जखडून टाकलं. गटातले सगळे आमच्याकडे वळून बघायला लागले, जणू डोक्याची जबाबदारी आमची. ताईंनी ती तत्काळ घेतली. "कोयना," त्या म्हणाल्या, "11 डिसेंबर 1967. पाठ जखडली तरी डोकं हलतंच." मग कोयनेचं धरण, पहाटेचा धक्का, सांगलीत घराबाहेर काढलेली रात्र, सगळं शाळेतल्या इंग्रजीत सांगून झालं. गाईडनं ते मनापासून ऐकलं आणि वहीत काहीतरी लिहूनही घेतलं. आता पुढच्या प्रत्येक गटाला ती कोयना सांगत असणार. तोवर आम्ही पुलाच्या तोंडाशी उभे होतो आणि मागे तीन गट खोळंबले होते.

खरी कोंडी झाली ती तान की नावाच्या जुन्या घरात. घर दोनशेहून अधिक वर्षांचं, त्याच घराण्याच्या सात पिढ्या नांदलेलं. पुढचं दार एका रस्त्यावर, मागचं नदीच्या बाजूला, म्हणजे माल मागून उतरवायचा आणि पुढून विकायचा. काळ्याभोर लाकडाचे खांब, शिंपल्यांचं जडावकाम, मधोमध उघडा चौक. बसायला सुंदर कोरीव खुर्च्या होत्या आणि त्यांच्यावर बसायचं नव्हतं. मी एका खांबाला हळूच टेकले, तर गाईडनं खांब किती जुना आहे ते सांगायला नेमका तोच निवडला.

आमचे हे तोवर मुकाट्यानं पाण्याच्या बाटल्या आणि दोघींच्या पर्सा सांभाळत होते. गाईड म्हणाली, "इथे दरवर्षी पूर येतो, भिंतीवर पाण्याच्या खुणा बघा." आणि हे जागे झाले.

ज्यांना सांगली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पावसाळ्यात आमच्याकडे "कसे आहात?" विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" विचारतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका. 2005 ला 53 च्या घरात, 2019 ला 57 च्या वर. आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर यांनी स्वतःच्या हातानं पेन्सिलीच्या रेघा मारून तारखा घातल्यात. मुलांची उंचीसुद्धा इतक्या निगुतीनं कधी नोंदवली नाही.

पर्सा माझ्या हातात देऊन हे त्या खुणांपाशी गेले. एकेक खूण बोटानं चाचपली. 1964 ची डोक्याच्याही वर होती. घरातलेच दिसणारे एक आजोबा कोपऱ्यात चहा पीत होते. यांनी त्यांना गाठलं. "अवर हाऊस ऑल्सो. वॉटर. हिअर." असं म्हणत स्वतःच्या छातीवर आडवा हात ठेवला. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण पूर येत होता. त्यांनी कप खाली ठेवला, उठले आणि हात गळ्याशी धरला. यांनी मग दोन बोटं वर करून दुसरा पूर जाहीर केला आणि हात हनुवटीला नेला. आजोबांनी शांतपणे भिंतीवरच्या 1964 कडे बोट दाखवलं. त्यावर यांच्याकडे उत्तर नव्हतं.

मग सामान कसं वर नेता, यावर खाणाखुणांची चर्चा. यांनी माळा, दोर आणि कपाट असा मूकाभिनय केला. कपाट जिन्यात अडकतं तेही करून दाखवलं. आजोबांनी छताकडे बोट केलं. इथल्या काही जुन्या घरांत माळ्याच्या तक्तपोशीला झडपच असते, पाणी चढायला लागलं की माल सरळ वर ओढून घेतात. हे छताकडे असे बघत राहिले, की त्यांच्या मनात सांगलीच्या घराची तक्तपोशी कापायला घेतलीय हे मला दिसलं. आजोबांनी यांना चहा दिला आणि शेजारी बसवलं. त्या कोरीव खुर्च्यांवर नाही, साध्या बाकावर, पण बसवलं! गाईड झेंडा हलवत होती, जर्मन मंडळी घड्याळ बघत होती आणि हे फुंकर मारून चहा पीत होते. इतक्या वर्षांच्या संसारात मला यांचा इतका हेवा कधी वाटला नव्हता.

त्यानंतर फुकिएन प्रांतातून आलेल्या चिनी लोकांचं सभागृह. आत समुद्राची देवी, थिएन हाऊ. वादळातल्या खलाशांना तीच सांभाळते. छतापासून उदबत्तीची भलीमोठी वेटोळी टांगलेली असतात. आपलं नाव लिहिलेली चिठ्ठी लावून द्यायची आणि ते वेटोळं दिवसच्या दिवस जळत राहतं. ताईंनी मान वर करून एवढा वेळ हात जोडले की त्यांच्या भांगात राख पडली. त्या प्रसाद मिळाल्यासारख्या खूश झाल्या. मी वेटोळं चुकवून उभी राहिले आणि मलाही राख मिळाली, फक्त डोळ्यात.

बाहेर पडल्यावर ताईंनी मला कोपरानं ढोसलं. "अगं, ते बघ. खुर्च्या." समोर शिंप्याचं दुकान होतं. होई आन शिंप्यांसाठी प्रसिद्ध आहे, आज माप दिलं की उद्या सूट अंगावर. ताई आत गेल्या आणि बसल्या. पंख्याखाली, गादीच्या खुर्चीत, डोळे मिटून. पण दुकानात बसलेल्या बाईला कुणी नुसतं बसू देत नाही. दोन मुली टेप घेऊन आल्या, एकीनं कापडाचे नमुने मांडीवर पसरले, दुसरीनं "प्लीज स्टँड" म्हणून ताईंना उभं करून दंड, छाती, कंबर मोजली. दहा मिनिटांत एक रेशमी कुडता आणि पाच मिनिटांचं बसणं असा सौदा झाला. हे तीनशेनं भागत होते. भागाकार संपल्यावर काही बोलले नाहीत.

खाण्यासाठी थांबलो तेव्हा वाटलं, सुटलो. काओ लाऊ हा इथला खास पदार्थ, जाडसर पिवळट शेवया. त्यांना बा ले नावाच्या जुन्या विहिरीचंच पाणी लागतं म्हणतात. त्यावर डुकराच्या मांसाचे काप असतात, पण "चाय" अशी पाटी दिसली की (चहा नव्हे!) शाकाहारी मिळतं. ताईंना टोफूवाला मिळाला. बसायला मात्र प्लास्टिकची स्टुलं होती, निळी, वीतभर उंचीची. आपल्याकडे बालवाडीत असतात त्याहून लहान. बसायचं म्हणजे मागचा अंदाज घेऊन देवावर भार टाकायचा. बसल्यावर आमचे गुडघे वाडग्याच्या वर आले आणि मी माझ्याच गुडघ्यांमधून चवदार काओ लाऊ खाल्ला. शेजारी सत्तरीच्या स्थानिक बायका त्याच स्टुलांवर झुळझुळत बसत होत्या, उठत होत्या. उठताना ऑस्ट्रेलियन आजोबांनी यांना ओढलं, यांनी मला, आणि आम्ही दोघांनी मिळून ताईंना.

आणि मग एकदाचा घाट आला. अंधार पडला होता. नदीवर शेकडो होड्या, प्रत्येकीवर लाल, पिवळे, निळे आकाशकंदील, आणि पाण्यात त्यांची थरथरणारी दुसरी जत्रा. फलकावर दर होता: तिघांपर्यंत दीड लाख डोंग, त्यापुढे दोन लाख. आम्ही नेमके तिघं. "पाचशे रुपये," हे समाधानानं म्हणाले. तिघांत बसतंय म्हटल्यावर त्यांना आणखीच छान वाटलं. ताईंच्या पदरावर नारिंगी जॅकेट चढवलं, होडीवाल्या बाईनं बोटाच्या इशाऱ्यानं आम्हाला वजनवार वाटलं, हे एका बाजूला आणि आम्ही दोघी दुसऱ्या बाजूला. यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण आम्ही बसलेलो होतो.

बसलेलो होतो! पाठीला फळी, पायाखाली पाणी, आणि कुणीही काहीही सांगत नव्हतं. नदीत आपल्या लक्ष्मी रोडसारखी कोंडी झाली होती, होड्या एकमेकींना ठोकत होत्या, वल्हवणाऱ्या बायका ओरडून हसत होत्या. आमच्या बाईनं वल्हं बगलेत धरून यांच्या हातातला फोन काढून घेतला आणि उभा, आडवा, कंदिलांच्या मधून असे पटापट फोटो काढले. आमच्या मुलांनी इतके बरे कधी काढले नाहीत. मग कागदी दिवे. लांब बांबूच्या टोकाला अडकवून ते पाण्यावर सोडायचे आणि मनात इच्छा धरायची. ताईंनी डोळे मिटले. दिवा दहा हात गेला असेल नसेल, तेवढ्यात पलीकडून एका माणसानं जाळी घालून आजूबाजूचे विझलेले दिवे गोळा करायला सुरुवात केली, आणि त्यात ताईंचा जळता दिवाही उचलला. "अहो! थांबा! आत्ताच सोडलाय!" ताई शुद्ध सांगलीकरी मराठीत ओरडल्या. त्यानं दचकून जाळीत बघितलं, दिवा उचलून पुन्हा पाण्यावर ठेवला आणि दोन्ही हात जोडले.

वीस मिनिटं झाली. होडी घाटाला लागली. होडीवाली म्हणाली, "ओके." आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. हे उठायला गेले, होडी डुचमळली, ते पुन्हा बसले. मी एक पाय सरकवून बघितला, तो माझा आहे असं जाणवलं नाही. ताईंनी प्रयत्नच केला नाही. वर घाटावर गाईड पिवळा झेंडा घेऊन वाट बघत होती. रात्रीचा बाजार अजून बाकी होता, पलीकडच्या बेटावर, पुलावरून चालत, आणि तिथे प्रत्येक कंदील कसा बनतो हे ती सांगणार होती.

यांनी खिशात हात घातला. दीड लाख मोजले. या वेळी भागाकार केला नाही. होडीवालीच्या हातात नोटा दिल्या आणि नदीकडे बोट दाखवलं. तिला लगेच कळलं. तिनं वल्हं दगडाला लावून होडी ढकलली.

"मॅडम!" गाईड वरून ओरडली. ताईंनी जॅकेटमधून हात बाहेर काढून पाचही बोटं तिला दाखवली.

"फाइव्ह मिनिट्स!"