नेता मुरवण्याची कृती

मुरलेले नेते आपल्याकडे पैशाला पासरी मिळतात, पण ते आपोआप मुरलेले असतात. ही कृती त्या जातीची नव्हे. जन्मभर उलथापालथ करणारा, लिहून-बोलून सगळ्यांचं डोकं उठवणारा एखादा क्रांतिकारक एकदाचा गेला आणि आता त्याचं करायचं काय, असा पेच तुमच्या पक्षापुढे पडला असेल, तर पुढे वाचा. कृती मॉस्कोची. व्लादिमीर इल्यिच लेनिनवर १९२४ साली केली, माल अजून टिकून आहे.

शक्यतो नेत्याने थंडीत जावं. लेनिन २१ जानेवारीला गेला. लाल चौकातली जमीन इतकी गोठली होती की खणायला सुरुंग लावावे लागले. वास्तुविशारद श्चुसेवने तीन दिवसांत लाकडी समाधी उभी केली आणि मार्चपर्यंत राखणीचं काम थंडीने फुकटात केलं. त्या काळात समितीने आपलं नाव बदलून घ्यावं. 'अंत्यविधी समिती'ला अंत असतो. 'चिरस्मृती समिती'ला तो नसतो.

मग विधवा. नादेझ्दा क्रुप्स्कायाने ३० जानेवारीच्या 'प्रावदा' या पक्षाच्या वर्तमानपत्रात लिहिलं, की इल्यिचसाठी स्मारकं उभारू नका, त्याच्या नावाचे महाल बांधू नका. त्याचा मान राखायचा असेल तर पाळणाघरं, बालवाड्या, शाळा, वाचनालयं, दवाखाने काढा. अशा वेळी घाबरू नये, पत्र सन्मानाने छापावं. छापलेल्या गोष्टीला उत्तर द्यावं लागत नाही. पेट्रोग्राडचं लेनिनग्राड चार दिवसांपूर्वीच करून टाकलेलं होतं.

आता मुख्य काम. पहिली चूक नेमकी इथेच होते. शवविच्छेदन करणाऱ्याला हे आधी सांगून ठेवावं की माणूस पुरायचा नाही, ठेवायचा आहे. अब्रिकोसोव्हला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने मोठ्या धमन्या कापल्या आणि रक्तवाहिन्यांतून द्रव खेळवण्याचा सोपा रस्ताच बंद झाला. पक्षातल्या इंजिनिअर क्रासिनने गोठवून ठेवण्याची टूम काढली, जर्मनीहून यंत्रं मागवली, पण ऊन काही यंत्रांसाठी थांबलं नाही. मार्चमध्ये चेहऱ्यावर आणि हातांवर डाग उमटले, कातडी चर्मपत्रासारखी दिसू लागली. तेव्हा कुठे खारकोव्हचे शरीररचनाशास्त्रज्ञ वोरोब्योव्ह आणि रसायनतज्ज्ञ झ्बार्स्की यांना पाचारण झालं.

साहित्य असं: २४० लिटर ग्लिसरीन, ११० किलो पोटॅशियम ॲसिटेट, १५० लिटर पाणी आणि बुरशी लागू नये म्हणून एक-दोन टक्के क्विनीन क्लोराइड. आधी फॉर्मॅलिनने घट्ट करून घ्यावं, मग अल्कोहोल, मग हळूहळू हे मिश्रण. वाहिन्या कापलेल्या असल्याने ते आतून जाणार नाही, म्हणून न दिसणाऱ्या जागी चिरा द्याव्यात, भरल्या वांग्याला देतात तशा. डाग हायड्रोजन पेरॉक्साइडने जातात. ग्लिसरीन आणि ॲसिटेट दोन्ही पाणी धरून ठेवतात, त्यामुळे भोवतालची हवा १६ अंश आणि दमट ठेवली तर देह वाळतही नाही आणि सुटतही नाही. हवा कोरडी झाली तर नेता सुरकुततो.

खोबणीत खोटे डोळे बसवावेत आणि पापण्या शिवाव्यात. ओठही शिवावेत. टाके मिशीखाली लपतात. ही पायरी कुणीही गाळू नये.

कारण आतलं सामान बोलकं असतं. डिसेंबर १९२२ ते ४ जानेवारी १९२३ या दिवसांत अंथरुणावरून लेनिनने पक्षाच्या काँग्रेससाठी, म्हणजे अधिवेशनासाठी, पत्र सांगून लिहवून घेतलं होतं. स्टालिन फार उद्धट आहे, त्याला सरचिटणीसपदावरून हलवायचा काही मार्ग शोधा, असं त्यात होतं. असलं पत्र हाती आलं तर जाळू नये, गवगवा होतो. मे १९२४मध्ये ते प्रतिनिधींना गटागटाने वाचून दाखवलं आणि कपाटात ठेवलं. सोव्हिएत देशात छापलं ते १९५६ साली. देह लोकांपुढे आला मात्र त्याच १९२४च्या ऑगस्टमध्ये. माणूस चार महिन्यांत तयार, पत्राला बत्तीस वर्षं.

बरणीचं झाकण मात्र म्हाताऱ्याने स्वतःच घडवलं होतं, हेही सांगायला हवं. मार्च १९२१च्या दहाव्या काँग्रेसमध्ये पक्षांतर्गत गटांवर बंदी त्यानेच आणली. त्यामुळे पत्र ऐकून कुणाला स्टालिनविरुद्ध चार माणसं जमवावीशी वाटलीच असती, तर तोच गुन्हा ठरला असता. तयार झाकण मिळालं तर अनमान करू नये.

मेंदू वेगळा काढावा. विचार वाचण्यापेक्षा मेंदू कापणं केव्हाही सुरक्षित. बर्लिनचे ओस्कार फोग्ट यांना बोलावून तीस हजारांवर पातळ काप केले. तिसऱ्या थरातल्या काही पेशी फार मोठ्या असल्याचा निष्कर्ष निघाला. त्या पेशींनी काय लिहिलं, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या कक्षेबाहेरचा.

लिहिलं होतं ते असं: १९१७च्या उन्हाळ्यात भूमिगत असताना 'राज्यसंस्था आणि क्रांती'च्या अगदी सुरुवातीला, मार्क्सविषयी बोलताना, की थोर क्रांतिकारकांना हयातीत छळतात आणि मेल्यावर त्यांच्या निरुपद्रवी मूर्ती करतात, नावाला वलय आणि विचाराची धार बोथट. म्हणजे कृती मूळची त्याचीच, आपण फक्त ग्लिसरीन घातलं.

देखभाल जन्माची. साधारण दर दीड वर्षाने पुन्हा त्याच द्रवात बुडवावं लागतं. २०१६ साली यासाठी सरकारने १ कोटी ३० लाख रूबल ठेवले होते. परवडत नसेल तर आपल्याकडची स्वस्त पद्धत आहेच. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला आणि १९०८ सालीच लेनिनने त्याची दखल घेतली. त्या गिरण्यांच्या जागी आज मॉल आहेत, आणि लाल बावटा कलापथकाच्या अण्णाभाऊंना चौकात पुतळा नि जयंतीला डीजे. आवाज इतका ठेवावा की पोवाड्याचा एक शब्द ऐकू येऊ नये. रसायन शून्य.

एक धोका राहतो. एका बरणीत दोन नेते घालू नयेत. १९५३मध्ये वारलेल्या स्टालिनला लेनिनच्या शेजारी ठेवलं. ऑक्टोबर १९६१मध्ये बाविसाव्या काँग्रेसमध्ये दोरा लाझुर्किना नावाच्या जुन्या बोल्शेविक बाई उठल्या आणि म्हणाल्या, की आपण इल्यिचचा सल्ला घेतला, तो जिवंत असल्यासारखा समोर उभा होता, आणि पक्षावर एवढी संकटं आणणाऱ्या स्टालिनशेजारी पडून राहणं त्याला नकोसं झालंय. सभागृहाने टाळ्या वाजवल्या, ठराव झाला आणि ३१ तारखेच्या रात्री स्टालिनला उचलून समाधीमागे क्रेमलिनच्या भिंतीशी पुरलं. जानेवारी १९२३ची सूचना अशी अमलात आली. हलवलं ते काही पावलंच.