पानांचे ठसे आणि माझा आगाऊपणा

सध्या पानगळ चालू आहे आणि आमच्या साडेतीन वर्षांच्या लेकीला खाली पडलेलं प्रत्येक पान घरी आणायचं असतं, तिच्या खिशात, माझ्या खिशात, बुटात सुद्धा. मग म्हटलं चला ठसे काढू, सोप्पं काम आहे, पानाला रंग लावायचा, कागदावर दाबायचं, उचलायचं. अर्ध्या तासात उरकेल वाटलेलं, अख्खी सकाळ गेली आणि फरशी पुसणं वेगळंच.

कुणाला करायचं असेल तर आधी कामाचं सांगून टाकतो. कुरकुरीत वाळलेलं पान घेऊ नका, दाबलं की चुरा होतो. नुकतंच पडलेलं, वाकवलं तरी न मोडणारं हवं, अगदीच वाकडंतिकडं असेल तर रात्रभर जाड पुस्तकात दाबून ठेवा. रंग लावायचा पानाच्या मागच्या बाजूला, कारण शिरा तिकडे वर आलेल्या असतात, गुळगुळीत बाजूचा नुसता डाग उमटतो (मी पहिले चार तसेच काढले, हसू नका). पोस्टर कलर घट्टच ठेवा, पाणी जास्त झालं की शिरांच्या मधल्या जागा भरून जातात आणि सगळं सपाट दिसतं. आणि डबीवर नॉन-टॉक्सिक लिहिलंय ना ते बघा, बोटं तोंडात जाणारच आहेत.

तर पाचवा ठसा काय सुंदर आला! शीर न् शीर दिसत होती. आणि बाईसाहेबांनी तेच पान परत त्याच ठशावर दाबलं. परत. अजून एकदा. पिवळ्यावर लाल, लालवर हिरवा, म्हणजे चिखलच की. मला काही राहवेना, खरं सांगायचं तर मला तो कागद स्टेटसला टाकायचा होता. मी तिचा हात धरला, कोऱ्या जागेवर नेला, "इथे कर ना, बघ किती छान दिसेल" म्हणत दाबला. ठसा मस्तच आला. तिने पान माझ्या हातात दिलं, "तूच कर" म्हणाली आणि उठून गेली.

हे "तूच कर" फार लागलं हो. क्राफ्टच्या फोटोंमधे मुलांच्या नावावर आपलंच काम किती असतं याचा मला आधीपासून संशय होता, आता मी पण त्याच लायनीत.

थोड्या वेळाने आली परत, मी आपला माझ्या वेगळ्या कागदावर ठसे काढत बसलेलो, गप्प. तिने तिचा चिखल पुढे ओढला, पान दाबलं आणि कान कागदाजवळ नेऊन हळूच उचललं. चप्प्. ओल्या रंगावरून पान सुटताना आवाज येतो, कोऱ्या कागदावर तो येत नाही! एवढा वेळ ती ठसे काढतच नव्हती, आवाज काढत होती, आणि मी तिला डिझाईन शिकवत होतो.

मधेच तिने विचारलं पान पिवळं कोणी केलं. म्हटलं कोणी नाही, पिवळा रंग आधीपासून आतच असतो, हिरवा गेला की दिसायला लागतो. "लपलेला?" हो, लपलेला.

तो कागद आता कपाटाच्या दारावर चिकटवलाय. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आत किती पानं लपलीत ते ओळखायला लावते. मला तीन सापडली. ती म्हणते सात आहेत.