पिण्याच्या टाकीत गाडीचं कूलंट ओतू नका

"दादा, कूलंटचे दोन कॅन आणलेत, शनिवारी टाकीत ओततेय." अमेरिकेत मिनेसोटातल्या मिनिआपोलिसहून धाकट्या बहिणीचा हा मेसेज वाचला आणि हातातलं काम टाकून तिला फोन लावला. तिथल्या मराठी ग्रुपांवर 'हिवाळ्यासाठी कॅम्पर व्हॅन (राहायची सोय असलेली गाडी) बंद करण्याच्या सोप्या युक्त्या' हे फॉरवर्ड फिरतंय. माझ्याकडेही ते तिघांकडून आलं. एकानेही वाचून पाहिलं नसावं.

पहिलीच युक्ती जीवघेणी आहे. 'पाण्याच्या टाकीत गाडीचं अँटिफ्रीझ ओता, व्हॅनचं वेगळं अँटिफ्रीझ म्हणजे फक्त रंग आणि जास्त पैसे.' साफ खोटं. अँटिफ्रीझ म्हणजे थंडीत पाणी गोठू नये म्हणून घालायचं द्रव; गाडीतलं कूलंट तेच. गाडीच्या कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड. पोटात गेलं की शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्यापासून बनणारे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि मूत्रपिंडं निकामी होतात. मोठ्या माणसाचा जीव जायला १०० मिलिलिटरच्या आसपास पुरे. बहिणीची मुलगी ४ वर्षांची आहे, त्याच नळाचं पाणी पिते.

मुंबईकरांना तरी हे सांगावं लागू नये. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. ती भेसळ याच्याच सख्ख्या भावाची, डायइथिलीन ग्लायकॉलची होती. लेंटिन आयोग त्यासाठीच नेमला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांबियातल्या लहान मुलांच्या मृत्यूंनंतर जागतिक आरोग्य संघटनेने खोकल्याच्या औषधांबद्दल जो इशारा दिला, त्यात या दोन्ही ग्लायकॉलांची नावं आहेत. आणि फॉरवर्डवाले म्हणतात, 'उन्हाळ्यात टाकी धुऊन घ्या'! पंपात आणि नळ्यांच्या वळणांत किती उरलं, ते कोण बघणार?

व्हॅनसाठी प्रॉपिलीन ग्लायकॉलचं अँटिफ्रीझ मिळतं, तेच वापरा. ते बहुधा गुलाबी असतं, पण रंगावर जाऊ नका, गाडीचं कूलंटही गुलाबी मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांसाठी आहे, असं लेबलवर लिहिलेलं हवं. आधी टाक्या आणि गीझर पूर्ण रिकामे करा, गीझर बायपास करा (म्हणजे अँटिफ्रीझ त्यात न शिरता बाजूने जाईल), मग पंप लावून गरम-गार प्रत्येक नळातून गुलाबी येईपर्यंत सोडा. शॉवर विसरू नका. सिंकखालच्या वळणातही कपभर ओता.

'दर आठवड्याला दहा मिनिटं इंजिन चालू करा' हेही चूक. तेवढ्यात बॅटरी भरत नाही, उलट तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी धरतं. बॅटरी पूर्ण चार्ज करून तिची वायर काढा. उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी उणे १० अंशांच्या आसपासच गोठते, आणि मिनेसोटात उणे २० नवं नाही. लिथियमची असेल तर शून्याखाली चार्ज करू नका.

ताडपत्री घट्ट गुंडाळली की आत बुरशी येते. हवा खेळेल असं कव्हर घ्या.

पेट्रोलची टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ नये म्हणून घालायचं द्रव) घाला, एवढं मात्र त्या फॉरवर्डमध्ये बरोबर आहे. मान्य.

बहिणीने दोन्ही कॅन दुकानात परत केले. गीझरचा बायपास कुठे आहे ते तिला सापडत नाहीये, म्हणून आज रात्री व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघं शोधणार आहोत.