मलाही एक बेलआउट द्या की राव
नोकरी जाऊन सातवा महिना चालूय आणि आज परत बातम्यांत तेच, कुठलीशी मोठी कंपनी बुडायला आली म्हणून सरकार धावलं. अरे मग मीच काय घोडं मारलंय? २००८ ला अमेरिकेने बँका वाचवायला ७०० अब्ज डॉलरचा कायदा केला, गाड्यांच्या कंपन्यांचे साहेब लोक तर मदत मागायला प्रायव्हेट जेटने गेले होते, जेटने!! आणि एआयजी नावाच्या तिकडच्या विमा कंपनीने सरकारी पैशावर तगून पुढच्याच वर्षी १६ कोटी डॉलरच्या वर बोनस वाटले. इकडे माझा एक हप्ता चुकला की दिवसातून चार फोन, वर दंड, वर क्रेडिट स्कोअरची बोंब. त्यांचं बुडालं की म्हणे अर्थव्यवस्थेला धोका, माझं बुडालं की 'स्किल्स वाढवा'. (वाढवली. तीन सर्टिफिकेटं आहेत, कुणाला हवीत का?) माझं चुकलं एवढंच की कर्ज फार छोटं काढलं.
तर मायबाप सरकार, माझं पॅकेज अगदीच किरकोळ आहे, थकलेलं भाडं, दोन हप्ते आणि इंटरव्ह्यूसाठी एक शर्ट, जुन्याची कॉलर विरलीय. बोनस वाटणार नाही, शप्पथ. फॉर्म कुठे भरायचा तेवढं सांगा.