फुटका बुरूज फुटकाच का राहू द्यावा

मराठा लष्करी भूदृश्यातले १२ किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि आपल्याकडचा जुना वाद पुन्हा तापला. ढासळलेले वाडे, तट, दरवाजे नव्याने बांधायचे, की आहेत तसे सांभाळायचे? स्कॉटलंडमधून हा वाद वाचताना ग्लासगोजवळचा, क्लाइड नदीच्या वळणावर उभा असलेला बॉथवेलचा किल्ला समोर ठेवावासा वाटतो.

तेराव्या शतकाच्या मध्याला मरे घराण्याने तो तांबड्या वालुकाश्मात बांधायला घेतला. बालेकिल्ला म्हणजे एकच गोल बुरूज. व्यास सुमारे ६५ फूट, भिंती १५ फूट जाड, आणि किल्ल्याच्या आतही त्याला स्वतःचा वेगळा खंदक. १३०१ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने सुमारे ६,८०० माणसं आणली. तटाला भिडवायचा लाकडी मनोरा ग्लासगोत बनवून ३० गाड्यांवरून इथवर आणला, आणि महिन्याभरात किल्ला पडला. पुढे तो हातोहात फिरत राहिला. १३३७ मध्ये सर अँड्र्यू मरेने तो परत जिंकला आणि शत्रूला पुन्हा वापरता येऊ नये म्हणून आपल्याच घराण्याचा हा बुरूज फोडला. त्याचा नदीकडचा अर्धा भाग गेला तो गेलाच. १३६२ नंतर किल्ला डग्लस घराण्याकडे आला. त्यांनी नवा दिवाणखाना आणि प्रार्थनागृह उभारलं, पण तो अर्धा बुरूज पुन्हा गोल केला नाही.

आजही तो तसाच आहे, आणि माझ्या मते तेच योग्य आहे. ती फूट हा १३३७ चा पुरावा आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी आपल्या गडांच्या सुरुंगाने उडवलेल्या पायऱ्याही असाच पुरावा आहेत. तिथे गुळगुळीत नवा जिना बांधला की तो पुरावा पुसला जातो.

याचा अर्थ काहीच करू नये असा नाही. फोर्थ नदीवरच्या स्टर्लिंग किल्ल्यात १९९९ मध्ये मोठ्या दिवाणखान्याला ओकच्या लाकडाचं नवं छत बसवलं, भिंतींना पिवळसर चुना दिला. रंगावरून बरीच नाराजी झाली. पण तिथे भिंती उभ्या होत्या, जुनी रेखाटनं हाताशी होती. आधार असेल तिथे बांधा. नुसत्या जोत्यावरून वाडा कल्पू नका.

खरं काम दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरण्यात आणि पाण्याच्या निचऱ्यात आहे. वालुकाश्मात सिमेंटच्या दर्जा भरल्या की ओल बाहेर पडायला दगडाचीच वाट उरते. थंडीत ते पाणी गोठून फुगतं, दगडाचे पोपडे सुटतात आणि मागे सिमेंटची रिकामी जाळी उभी राहते. म्हणून इथले गवंडी जुनी दर्ज रुंदीच्या दुप्पट खोल, निदान इंचभर, हाताने उकरतात, धुतात, ओली ठेवतात. मग पाण्यात घट्ट होणारा चुना एक भाग आणि टोकदार कणांची वाळू अडीच ते तीन भाग, असा माल दाबून भरतात आणि वर ओलं गोणपाट टाकतात. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम बंद. घाई केली की चुना वाळतो, पण धरत नाही, आणि बोटाने खरडला तरी भुगा पडतो.

आपल्याकडे हिमाची भीती नाही आणि काळा दगड कठीण, म्हणून सिमेंट चालतं, असं म्हटलं जातं. ते चुकीचं आहे. तटाचा गाभा गोटे आणि चुन्याचा. पाऊस माथ्यावरून आत शिरतो, सिमेंटने तोंड बंद केलेलं असतं, गाभा भिजून फुगतो, भिंतीला पोट सुटतं आणि मग अख्खा पदर कोसळतो. कोकणातला जांभा सच्छिद्र, त्याला लोणा, म्हणजे क्षार, लागून तो आणखी लवकर झिजतो. चुना मळायचे घाणे कितीतरी गडांवर आजही दिसतात. तो माल पुन्हा मळता येईल.

निधी येईल तेव्हा क्रम असा असावा: आधी प्रत्येक तटाचं मोजमाप आणि छायाचित्रं, मग माथ्याला उतार देऊन चुन्याचा थर, बुजलेली पाण्याची तोंडं मोकळी करणं, पिंपळाची रोपं लहान असतानाच मुळासकट काढणं. मुळं भिंतीत खोल गेली असतील तर ती ओढू नयेत, दगड सोबत येतात. बुंधा कापून मूळ जागेवरच मारावं. दरवाजे आणि वाड्यांचा विचार त्यानंतर.